‘हो’ नको, ‘केलं’ सांग

रिक्षावाला दगडू गिरणीच्या दारात उभा राहून हातवारे करत होता आणि मी मान डोलावून ‘हो हो’ म्हणत होतो. आमच्या गिरणीचा भात सडायचा हलर चालू झाला की माहुलीच्या किल्ल्यावरची माकडं कानांत बोटं घालतात, तिथे दगडूचा आवाज मला कुठला ऐकू यायला? समोरच्याचे ओठ हलताना दिसले की मान डोलवायची, ‘हो हो’ म्हणायचं आणि पुढची गोण ओतायची, ही माझी तीस वर्षांची पद्धत. दगडूने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. मला वाटलं, रिक्षाचं भाडं लागलं असेल. दोन गोणी भात सडून झाल्यावर मी मोटर बंद केली, बाहेर येऊन तोंड धुतलं, तर रस्त्याने माणसं एकामागून एक जनार्दनच्या घराकडे चाललेली. टोप्या हातात... तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळेपासूनच्या मित्राच्या मरणाची बातमी मी ‘हो हो’ म्हणून घेतली होती आणि नंतर अर्धा तास कुणाचा तरी कोलम सडत बसलो होतो. दगडूने मात्र गावभर सांगितलं, ‘मधूशेटनं लय धीरानं घेतलं.’

याला आता पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत जनाविषयी लिहा असं सांगणाऱ्यांनाही मी ‘हो’ म्हणालो होतो. नेहमीप्रमाणे लिहिलं नसतं. पण हे लिहिणं भाग आहे. वाचकांना आधीच सावध करतो : मी वाढवून सांगणारा माणूस आहे. जना म्हणायचा, ‘मधूच्या गोष्टीला चारानं भागा, जे उरंल त्यातलं निम्मं खरं.’ तेव्हा तुम्हीही भागत चला. कुठे भागायचं नाही, ते मी सांगेन.

शहापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याचं गणित इतकं पक्कं, की गुरुजी फळ्यावर चुकले की खडू याच्या हातात देऊन स्वतः बाकावर येऊन बसायचे. मग तो ठाण्याला शिकला, तिथल्याच एका कंपनीत कॉम्प्युटरच्या आतल्या कामाला लागला. आतल्या म्हणजे पार आतल्या. पडद्यावर जे दिसतं त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे ती कंपनी बंगलोरला गेली, तेव्हा तो म्हणाला, ‘मी नाय जात,’ आणि सुनंदावहिनींना घेऊन गावाला परत आला. मी तोवर आटगावजवळच्या या गिरणीत घरजावई म्हणून स्थिरावलो होतो. गिरणी सासऱ्यांची, थ्री फेजची लाइन सासऱ्यांची, जनरेटर सासऱ्यांचा, बायकोही अर्थात सासऱ्यांचीच मुलगी. माझी स्वतःची अशी एक सायकल होती. जना एक दिवस आला आणि गिरणीच्या मागची खोली मागितली. तिथे भाताच्या रिकाम्या गोण्या, उंदीर आणि एक नाग असायचा. (नागाला चाराने भागा, धामण होती.) सासरे, म्हणजे आमचे मामा, खाटेवरून म्हणाले, ‘पोराला दे रे खोली, मधू.’ मी ‘हो मामा’ म्हणालो. चार दिवसांनी जनाने स्वतःच येऊन खोली झाडून घेतली.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मुरबाडला बाटल्यांची बुचं बनवणारा एक कारखाना होता. तिथे दोन जुने कॉम्प्युटर. एक बुचं मोजायचा, दुसरा यंत्राची गरमी सांभाळायचा. दोन्ही म्हातारे झालेले, सुटे भाग मिळत नव्हते, आणि ज्यांनी ती प्रणाली बनवली ते दुकान बंद करून कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. कारखान्याकडे फक्त तिची मूळ लिखापढी (जना तिला सोर्स कोड म्हणायचा) उरली होती. ती दोन्ही कामं एकाच यंत्रात, पण एकमेकांना धक्का न लावता चालवून दे, असं मॅनेजरने जनाला सांगितलं. आजकालच्या यंत्रांत याची सोय बनवतानाच केलेली असते म्हणतात. जनाच्या वाट्याला आलेलं यंत्र त्या सोयीआधीचं होतं.

आता पुढचं मला जेवढं कळलं तेवढं सांगतो, आणि मला फारसं कळलेलं नाही. प्रत्येक प्रणालीला एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. तो यंत्राच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसतो. कुणाला किती जागा द्यायची, कुणाचं काम थांबवायचं, बाहेरून आलेली हाक घ्यायची की दाराला कडी लावून बसायचं, सगळं तोच ठरवतो. या बाबतीत प्रोसेसर वरच्या पायरीवरच्याचंच ऐकतो. एका यंत्रात असे दोन गाभे घातले तर दोन कर्ते झाले, मग भांडणच. म्हणून जना दोघांनाही एक पायरी खाली आणून बसवणार होता आणि वरच्या पायरीवर स्वतः लिहिलेला एक लहानसा कारभारी ठेवणार होता.

‘म्हणजे मोठ्या घरचा कर्ता पुरुष घरजावई करून आणाचा,’ मी म्हणालो.

जना इतका हसला की गोणीवरून खाली आला. ‘बरोबर बोल्लास. नि त्याला कळू द्याचं नाय, की घर त्याचं नाय.’

त्या दिवसापासून वरच्या कारभाऱ्याचं नाव ‘सासरा’ पडलं. जना वहीतसुद्धा ‘सासरा’च लिहायचा. मी शहापूरच्या बाजारात सांगत सुटलो, की आमचा जना कॉम्प्युटरचा राजीनामा लिहून घेतोय. मग दोन जण आपल्या ग्रामसेवकाचाही घेता येतो का, ते विचारायला गिरणीवर आले होते. याला भागू नका. दोन नव्हे, तीन आले होते.

काम वर्षभर चाललं. त्या कर्नेलची लिखापढी त्याने कागदावर छापून घेतली होती, घडीघडीचे लांबलचक कागद, आणि ते उंदरांपासून वाचवायला भाताच्या गोण्यांत भरून ठेवले होते. सकाळी एक गोण सोडायची, मांडीवर घ्यायची आणि लाल पेन्सिलीने ओळ न् ओळ वाचत जायचं. गिऱ्हाइकं मला विचारायची, ‘यो माणूस गोणीत काय शोधतं?’ मी म्हणायचो, ‘खडे.’

शेवटी ते उभं राहिलं. दोन्ही गाभे खालच्या पायरीवर, वर सासरा. चाचणीसाठी कारखान्याने पोतंभर बुचं आणि ती मोजायचं यंत्र खोलीवर धाडलं होतं. पण बुचं कमी भरायला लागली. दिवस दिवस सगळं बरोबर चालायचं आणि मध्येच मोजणी थोडी कमी यायची. कुठे चूक झाली म्हणून यंत्र सांगत नव्हतं, की थांबतही नव्हतं. मुरबाडचा मॅनेजर फोनवर म्हणायला लागला, ‘जमत नसेल तर सांगा.’ जना दाढी करायचा विसरला. वहिनी डबा घेऊन यायच्या आणि तसाच परत न्यायच्या. मला एकदा हळूच म्हणाल्या, ‘भावजी, यांला समजवा हो कुणीतरी.’ मी ‘हो’ म्हणालो.

त्या सकाळी मामा खाटेवरून ओरडले, ‘मधू, हलरच्या पट्ट्याला राळ लाव रे, नायतर सटकंल!’ ‘हो मामा,’ मी म्हणालो आणि चहा पीत राहिलो. जना शेजारीच बसला होता. दुपारी पट्टा सटकला, हलर थांबला, गिऱ्हाइकांची रांग लागली आणि मामांनी माझ्या सात पिढ्यांची हजेरी घेतली. मी मान खाली घालून ‘हो मामा, हो मामा’ करत होतो. मामा दमून आत गेल्यावर जना म्हणाला,

‘तू सकाळी हो बोल्लास.’

‘बोल्लो.’

‘नि राळ लावली नायस.’

‘नाय.’

‘मामांना कवा कळलं?’

‘पट्टा सुटला तवा.’

‘नि तू सरळ तोंडावर नाय बोल्ला असतास तर?’

‘तर मामांनी तिथल्या तिथं दुसऱ्याला लावायला लावली असती. पण घरजावई नाय कसा बोलंल?’

जना उठला. अर्धा कप चहा तसाच टाकून आत गेला आणि दार लावून घेतलं.

पुढे त्याने मला समजावलं ते असं. खालच्या पायरीवर बसलेल्या कर्नेलने ‘दाराला कडी लाव’ म्हटलं, की प्रोसेसर त्याचा हात धरतो : तुझा अधिकार नाही. ही धरपकड सासऱ्याला कळते आणि सासरा त्याच्या वतीने ते काम करून देतो. ठीक. पण काही आज्ञा मुक्या असतात. ‘कडी मघाशी जशी होती तशी पुन्हा कर’ अशी एक आज्ञा आहे. ती खालच्या पायरीवरून दिली की प्रोसेसर हात धरत नाही, नाही म्हणत नाही आणि करतही नाही. गुपचूप पुढे जातो. कर्नेलला वाटतं कडी निघाली, सासऱ्याला तर काही कळलेलंच नसतं, आणि दार बंदच राहतं. दुसऱ्या कुणाच्या कामासाठी ते उघडेपर्यंत बाहेर बुचं येऊन ठोठावत राहतात, आत कुणी ऐकत नाही...

‘तुझ्यासारखी आज्ञा हाय ती, शेट,’ जना म्हणाला. ‘हो बोलती, करत काय नाय. पुस्तकात मी वाचली होती. पण या कर्नेलमदी ती कुठं कुठं लपून बसली, ते तुझ्या पट्ट्यानं दावलं.’

हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा गौरव आहे. पुढे मला कळलं की जगभरातल्या शहाण्या लोकांना या मुक्या आज्ञा ठाऊक होत्या. असू दे. आटगावला त्या राळेवरून सापडल्या. मग जनाने सगळ्या गोण्या पुन्हा सोडल्या. जिथे जिथे तशी आज्ञा होती तिथे लाल खूण केली आणि ती काढून तिच्या जागी सासऱ्याला सरळ हाक मारायची ओळ लिहिली : हे कर, आणि केल्यावर मला सांग.

मॅनेजर काम बघायला मुरबाडहून गाडी घेऊन आला, त्या दिवशी सकाळी अकरालाच लाइट गेली. जनाने आदल्या दिवशी मला जनरेटरमध्ये डिझेल भरून ठेवायला सांगितलं होतं. मी काय म्हणालो असेन, ते तुम्हाला आता ठाऊक आहेच. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. अंधाऱ्या खोलीत मॅनेजरला आम्ही कोकम सरबत पाजत होतो, आणि मी जनाकडे बघायचं टाळत होतो. वर्षभराचं काम माझ्या एका ‘हो’वर अडकलं होतं. तेव्हा जना शांतपणे म्हणाला, ‘साहेब, जनरेटर मीच थांबवलाय. लाइट गेल्यावर पुन्हा आपलं आपण उभं राहतं का, तेच तुम्हाला दाखवायचंय.’ अर्ध्या तासाने लाइट आली. यंत्र उभं राहिलं, सासरा बसला, दोन्ही जावई बसले. संध्याकाळपर्यंत मोजणी बुचाबुचाला जुळली.

मॅनेजर गेल्यावर मी म्हटलं, ‘दे शिव्या.’

‘शिव्या नाय. एक नियम. आजपासून तू मला हो बोलाचं नाय. काम झालं की खोलीच्या दाराशी येऊन ‘केलं’ बोलाचं. ‘केलं’ ऐकू आलं नाय, तर मी समजंन काम झालं नाय.’

आणि आम्ही तसंच वागत आलो. मामा गेले, गिरणी माझी झाली, मुरबाडच्या कारखान्याने नवी यंत्रं घेतली आणि तो जुना डबा आठवण म्हणून परत पाठवला. जना मागच्या खोलीतून इतर कामं करत राहिला, पण मी रोज सकाळी दाराशी जाऊन आरोळी ठोकायचो, ‘डिझेल, केलं!’ आतून हुंकार यायचा. लोकांना वाटायचं आम्ही देवाचं काहीतरी म्हणतोय.

आता ते सांगतो, ज्याला भागायचं नाही.

दिवाळीनंतर जनाच्या छातीत जड वाटायला लागलं. शहापूरच्या डॉक्टरांनी कल्याणला तपासण्या करायला पाठवलं. तो वहिनींबरोबर जाऊन आला. नंतर मी हलरच्या पट्ट्यासाठी कल्याणला जाणार होतो, तेव्हा म्हणाला, ‘माझा रिपोर्ट आणशील? लॅबच्या खिडकीवर नाव सांग, देतील.’ मी म्हटलं, ‘अरे, हल्ली मोबाइलवर धाडतात ना?’ ‘कागद बरा. डॉक्टरला दावायला.’ मी गेलो. पट्टा घेतला, ओळखीचा एक माणूस भेटला, त्याच्याबरोबर मिसळ खाल्ली, गप्पा मारल्या आणि लॅबची खिडकी बंद व्हायच्या वेळेला मी परतीच्या रिक्षात होतो. संध्याकाळी त्याचा फोन आला.

‘रिपोर्ट?’

‘केलं,’ मी म्हणालो. ‘घेतलाय. उद्या आणून देतो.’

इतक्या वर्षांत कधी न केलेली गोष्ट मी केली. ‘हो’चा खोटेपणा मी ‘केलं’मध्ये आणला. मनात होतं, उद्या पहिल्या जीपने जाऊन आणू, त्याला कशाला कळतंय... उद्या गिरणीला सुगीची गर्दी. परवा पुन्हा गर्दी. तिसऱ्या दिवशी सकाळी जना अंगणात चहाचा कप घेऊन बसला आणि तसाच एका बाजूला कलंडला. आणि मी दगडूला ‘हो हो’ म्हणत होतो.

तेराव्यानंतर मी वहिनींसमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, त्या मला घराबाहेर काढतील. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

‘त्यांला ठाव होतं, भावजी.’

‘काय ठाव होतं?’

‘फोन ठेवला नि हसले. बोल्ले, मधूनं ‘केलं’ सांगितलं गो, म्हंजे रिपोर्ट अजून तिथंच हाय.’

‘मग मला परत का नाय विचारलं?’

‘मी पन तेच बोल्ले. बोल्ले, ऱ्हाऊ दे, सुगी हाय त्याची.’ मग त्यांनी ताट खाली ठेवलं. ‘नि एक सांगते. लॅबवाल्यांनी त्याच दिवशी मोबाइलवर धाडला होता. मला आता दिसला. यांनी तो उघडलाच नव्हता.’

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. ज्या माणसाने गोण्या भरभरून कागद वाचून एकेक मुकी आज्ञा शोधून काढली, त्याने हातातल्या मोबाइलवरचा कागद उघडला नाही. तो कागद आणायला त्याने साऱ्या गावातून मला निवडलं. का? आपला मधू आणेलच असा विश्वास होता म्हणून? की मधू नक्की आणणार नाही याची खात्री होती म्हणून? त्याला कळून घ्यायचं नव्हतं आणि तसं तोंडाने म्हणायचंही नव्हतं. मग काम अशा माणसाला सांगायचं, जो नाही म्हणणार नाही आणि करणारही नाही... असं असेल, तर मी सुटलो. आणि असं असेल, तर माझ्या मित्राने माझी किंमत काय केली होती? की तो खरोखरच वाट बघत होता, दारातून आरोळी येईल म्हणून? मी डॉक्टरांना विचारलं, वेळेवर कळलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. तीस वर्षं लोकांना गोलगोल उत्तरं देणाऱ्या माणसाला देवाने शेवटी त्याच्याच मापाचं उत्तर दिलं.

एकदा रात्रभर विचार करून मी ठरवतो की तो भ्यायला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं हसणं आठवतं आणि वाटतं, हा माणूस कशाला भिईल? मग वाटतं, तो मला आणखी एक संधी देत होता आणि मी कोलम सडत होतो. कुठलंही एक धरून बसावं म्हटलं तरी बसवत नाही.

मी कल्याणला जाऊन तो रिपोर्ट आणला. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, ‘एवढे दिवस का नाही नेला?’ मी म्हणालो, ‘मिसळ खात बसलो होतो.’ पहिल्यांदाच माझ्या तोंडून काही वाढवून निघालं नाही. वहिनी म्हणाल्या, ‘तुमीच ठेवा.’ लिफाफा मागच्या खोलीत त्या जुन्या डब्यावर ठेवला आहे, बंद. उघडावा असं रोज वाटतं आणि रोज वाटतं, त्याने उघडला नाही तो मी कोण उघडणार. बाजूला कागदांच्या गोण्या आहेत. परवा एक सोडून पाहिली. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण लाल खुणा कळतात. एका खुणेशेजारी जनाच्या बारीक अक्षरात मराठीत लिहिलं होतं : ‘सासरा केलं म्हणाला तरी एकदा बघून घ्यावे.’

सकाळी गिरणी चालू करायच्या आधी मी जनरेटरमध्ये डिझेल भरतो आणि मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणतो, ‘डिझेल, केलं.’ आता आतून हुंकार येत नाही. मग मी परत येतो, टाकीचं झाकण काढतो, बांबूची काडी आत बुडवून बाहेर काढतो, आणि ती कुठपर्यंत ओली झाली ते बघतो.